सत्त्याण्णव इंच, शहाण्णव इंच

“तुझी गाडी आमच्या डिकीत मावेल.”

हे वाक्य मी गेली चार वर्षं ऐकतेय. पुण्याहून साताऱ्याला पोचायचं, वॅगनआर फाटकातून आत घ्यायची, नानांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, अँबॅसडरशेजारी लावायची, आणि मी दार लोटायच्या आत दादा ओट्यावरून हे म्हणणार. ‘कशी आहेस’ वगैरे त्याच्यानंतर. या दिवाळीच्या आधी वहिनींनी स्वयंपाकघरात ट्रॉल्या करायला काढल्या होत्या आणि सुतार आपली टेप खिडकीत विसरून जेवायला गेला होता. मी टेप उचलली. म्हटलं, दादा, ये. आज एकदाचं मोजूनच टाकू.

मी पंचावन्न, तो साठ. भर दुपारी आम्ही दोघं अंगणात गाड्यांच्या पुढेमागे उकिडवे बसून मापं घेतोय आणि आई आतून विचारतेय, “काय सांडलंय का रे?”

आधी लांबी. बंपरपासून बंपरपर्यंत अँबॅसडर १७० इंच भरली, वॅगनआर १४४. सव्वीस इंचांचा फरक, म्हणजे सव्वादोन फुटांच्या जरा आतबाहेर. दादाने टेप सोडली, ती सटकन आत गेली, आणि कोर्टाचा निकाल लागल्यासारखा तो उठायला लागला. म्हटलं, थांब. आता चाकापासून चाकापर्यंत धर. पुढच्या चाकाचा मध्य ते मागच्या चाकाचा मध्य.

अँबॅसडर ९७. वॅगनआर ९६.

त्याने पुन्हा मोजलं. मग टेपचं टोक मला धरायला लावून स्वतः वाचलं. मग चष्मा आणला. शहाण्णवच.

एका इंचाचा फरक, बस. माणसं बसतात ती जागा मुख्यतः या दोन चाकांच्या मध्येच असते, आणि तिथे आमच्या त्या सरकारी थाटाच्या गाडीकडे माझ्या ‘डबी’पेक्षा फक्त एक इंच जास्त होता. रुंदीत अँबॅसडर दीड-पावणेदोन इंचांनी पुढे. उंचीला तर वॅगनआर तीन इंचांनी वरचढ निघाली, ६६ विरुद्ध ६३. दादा म्हणाला, “उंची काय चाटायचीय?” म्हणजे हरला.

मग ते सव्वीस इंच गेले कुठे? बॉनेट उघडलं की दिसतं. अँबॅसडरचं इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत बसवलेलं. त्याच्यामागे गिअरबॉक्स, त्याच्यामागे गाडीच्या पोटाखालून जाणारा शाफ्ट, आणि मागच्या दोन चाकांच्या मधोमध डिफरन्शियलचा, म्हणजे ताकद दोन्ही चाकांना वाटून देणारा, तो गोळा. ताकद पुढे तयार होते आणि मागे पोचवावी लागते. त्या शाफ्टला वाट द्यायची म्हणून पायाखाली मधोमध उंचवटा. मागच्या सीटवर मध्ये बसणाऱ्याने गुडघे हनुवटीला टेकवून बसायचं ते त्याच्यामुळे. आमच्या घरात ती जागा माझी होती, त्यामुळे हा विषय मला पुस्तकातून शिकावा लागला नाही. वॅगनआरचं इंजिन आडवं, गिअरबॉक्स त्याच्याच बाजूला, आणि ओढायचं काम पुढच्याच चाकांकडे. सगळा कारखाना दोन-अडीच फुटांत उरकलेला.

ही आडव्या इंजिनाची युक्ती काही कालपरवाची नाही. अँबॅसडर ज्या मॉरिस ऑक्सफर्डवरून बेतलेली, ती ज्या ब्रिटिश कंपनीची, त्याच कंपनीने १९५९ साली मिनी काढली. टीचभर गाडी, इंजिन आडवं, आत चार माणसं. म्हणजे कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला अँबॅसडर तयार व्हायला लागून जेमतेम वर्ष-दोन वर्षं झाली होती, तेवढ्यात तिच्या माहेरच्यांनी जागा वाचवायची रीत शोधूनही काढली होती. आपण मात्र २०१४ पर्यंत तोच साचा चालवला. सत्तावन्न-अठ्ठावन्न सालची गाडी, दिवे नि जाळी बदलत, मार्क टू, मार्क थ्री, मार्क फोर, नोव्हा अशी नावं लावत.

पुढे टाटांनी पुण्यात इंडिका करायला घेतली, तेव्हा रतन टाटांना काय हवं होतं ते तेव्हाच्या पेपरांत बऱ्याचदा छापून यायचं: आकार मारुती झेनचा, आतली जागा अँबॅसडरची, किंमत मारुती ८००च्या आसपासची. १९९८ साली ती गाडी दाखवलीसुद्धा. छोट्या गाडीत मोठी गाडी बसवायची ही खटपट तेव्हापासून चालूच आहे. २००६च्या अर्थसंकल्पात तर सरकारनेच चार मीटरच्या आत लांबी आणि १२०० सीसीच्या आत पेट्रोल इंजिन असेल तर कर कमी अशी रेघ मारून दिली. रस्त्यावर एवढ्या गाड्या शेपूट छाटल्यासारख्या दिसतात त्या त्या रेघेमुळे. आमची अँबॅसडर ४.३ मीटर आणि १४८९ सीसी, म्हणजे दोन्ही परीक्षांत नापास. आज कुणी तशीच नवी काढली तर जीएसटी ४० टक्के लागेल. माझ्या गाडीला आता १८.

असो. मापं झाली, पण मापांनी दादाचं समाधान होईना. आणि खरं सांगायचं तर माझंही झालं नाही.

नानांनी ही गाडी १९८८ मध्ये एका साखर कारखान्याच्या लिलावात घेतली. मार्क फोर, १९८२चं मॉडेल, पांढरी, मागच्या काचेला पडद्याच्या स्प्रिंगा तशाच लटकलेल्या. पंचेचाळीस हजार. नानांचं भुसार मालाचं दुकान होतं, तोवर घरात लूना आणि एक सायकल. लूनावरून एकदम अँबॅसडर म्हणजे काय उडी ते आज कळायचं नाही. पहिले आठ दिवस लोक नमस्कार करायचे ते नानांना नाही, गाडीला. चेअरमनसाहेब आले असं वाटून. नाना हात वर करून स्वीकारायचे.

तिचा आवाज मला अजून ओळखू येतो. दार लावलं की ‘धप्’. वॅगनआरचं दार ‘टप्’ करतं, डब्याचं झाकण लावल्यासारखं. हा फरक टेपने मोजता येत नाही आणि दादा आयुष्यभर त्याच जोरावर वाद घालणार.

आता घाट. वाईहून पाचगणीला चढणारा पसरणीचा घाट माहीत असलेल्यांना पुढचं सांगायला नको, पण सांगते. १९९१चा मे महिना. गाडीत नऊ जण. पुढे नाना, मामा, आणि मध्ये दादा. गिअर स्टिअरिंगखाली असल्याने पुढची सीट सलग, बाकड्यासारखी. मागे आई, मामी, आजी, मी, आणि मांड्यांवर दोन पोरं. डिकीत पिठलं-भाकरीचे डबे, दोन वळकट्या, पाण्याचा कॅन आणि वरवंटा.

वरवंटा कशाला? सांगते.

घाट निम्मा झाला की टेंपरेचरचा काटा सरकायला लागायचा. रेडिएटर जुना, गाळ धरलेला, वर नऊ माणसं. बिचारीची काही चूक नव्हती. नाना आधी गाणी बंद करायला सांगायचे, जणू आवाजाने इंजिन तापतं. मग पहिला गिअर हवा व्हायचा. पण या गाडीचा पहिला गिअर चालत्या गाडीत सुखासुखी पडत नाही, दात खातो. म्हणजे जवळजवळ थांबायला हवं, आणि चढावर थांबलं की गाडी मागे येणार. हँडब्रेकवर नानांचा विश्वास देवळातल्या चपलांवर असतो तेवढाच. “दगड!” असं ते ओरडले की मी मागच्या दारातून उडी मारायची, डिकीतून तो अर्धा तुटलेला वरवंटा काढायचा आणि मागच्या डाव्या चाकाखाली सारायचा. दगड माझ्याकडे, पाणी दादाकडे. दगड ‘लागला’ असं मी ओरडल्याशिवाय नाना ब्रेकवरचा पाय काढायचे नाहीत. वीस-एकवीस वर्षांची कॉलेजातली मुलगी, भर घाटात, येणाऱ्याजाणाऱ्या एशियाड बसमधले लोक बघतायत, आणि माझ्या हातात वरवंटा.

त्या दिवशी मात्र गाडी तापून थांबली ती पुन्हा सुरूच होईना. सेल्फ फिरतोय, इंजिन उचलत नाही. मामांचं म्हणणं ओव्हरफ्लो झाली, म्हणजे इंजिनात पेट्रोल जास्त गेलं. नाना बॉनेटमध्ये डोकं घालून म्हणाले, नाही, पंप तापलाय. पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत, म्हणजे ते हवेत मिसळतं तिथपर्यंत, पोचायच्या आधीच पाइपात वाफ होऊन बसलंय. पंप वाफ ओढतो आणि फुकट हलतो. उपाय एकच. आईच्या पिशवीतला पंचा, कॅनमधलं पाणी, पंचा चिंब भिजवून त्या पंपाभोवती गुंडाळायचा आणि वाट बघायची. पंच्यातून वाफ निघाली तशी मामी म्हणाल्या, “शेक देताय का तिला?” दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. तोवर पिठलं-भाकरी कठड्यावर बसून खाऊन झाली. खाली धोम धरणाचं पाणी चकाकत होतं. मग पुन्हा सेल्फ, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्याला ती खाकरून जागी झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वरवंटा काढला, पळत येऊन चालत्या गाडीत चढले.

हे आठवलं की लोक म्हणतात, काय मजा होती नाही! मजा पाचगणीला पोचल्यावर होती. घाटात आजीला चक्कर आली होती आणि आई रडवेली झाली होती, ते कुणी सांगत नाही. गेल्या उन्हाळ्यात त्याच घाटाने मी, नवरा आणि दोन्ही नणंदा वॅगनआरने गेलो, एसी लावून. कुठेही थांबलो नाही. इंजिन ९९८ सीसी, तीन सिलिंडर, ६७ अश्वशक्ती, आणि गाडीचं वजन आठशे किलोच्या थोडं वर. अँबॅसडरचं इंजिन दीडपट मोठं, पण ताकद पन्नासच्या आसपास आणि वजन अकराशे किलोच्या घरात. किलोमागे ताकद काढली तर माझ्या डबीकडे जवळजवळ दुप्पट आहे. वर पेट्रोलचा पंप टाकीतच, पेट्रोल दाबाखाली पुढे ढकललं जातं. वाफेची भानगडच संपली. सांगण्यासारखं काही घडलंच नाही. घाट कधी संपला ते नणंदांना कळलं नाही, त्या सुनांबद्दल बोलत होत्या.

आता माझा खरा मुद्दा. अँबॅसडरबद्दल हळवं होऊन बोलणारी, लिहिणारी बहुतेक माणसं पुरुष आहेत, आणि एक तर ती चालवायची, नाहीतर मागे बसायची. मला ती गाडी कुणी कधी चालवायला दिली नाही. गाडी घरी आली आणि दादाने लगेच लायसन्स काढलं. मी विचारलं तेव्हा नाना म्हणाले, “तुला स्टिअरिंग ओढणार नाही.” यात राग धरण्यासारखंही काही नव्हतं, कारण खरंच ओढायचं नाही. ते भलंमोठं, बारीक कड्याचं चाक, पॉवर स्टिअरिंग नाही, उभ्या गाडीत वळवायचं तर खांद्यातून जोर. क्लच दाबायला पाय सरळ करावा लागायचा, आणि सीट सलग असल्याने पुढे सरकवायची तर शेजारच्या दोघांना घेऊन. माझी उंची पाच फूट एक इंच. त्या सीटवर बसले की मला रस्ता दिसायच्या आधी बॉनेट दिसतं, ते संपतच नाही.

मी गाडी शिकले अडतिसाव्या वर्षी, पुण्यात, ड्रायव्हिंग स्कूलच्या मारुती ८००वर. आणि स्वतःची म्हणून घेतली ती ही, २०२१ मध्ये. वॅगनआरची सीट उंच, घरातल्या खुर्चीसारखी. बसायला वाकायचं नाही की चढायचं नाही. पुढे काच संपते तिथे जवळजवळ गाडी संपते. स्टिअरिंग एका बोटाने फिरतं. वळायला पावणेपाच मीटरची त्रिज्या पुरते, म्हणजे आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये खांब आणि जोशांची स्कूटर यांच्यामधून एका दमात निघते. जपानात ही गाडी १९९३ मध्ये निघाली तीच मुळी उंच आणि आखूड अशी, चिंचोळ्या गल्ल्यांसाठी; आपल्याकडे १९९९च्या अखेरीस आली. तेव्हा लोक हसले होते, उभं कपाट म्हणून. दादाही हसला होता.

म्हणून माझं मत असं की अँबॅसडर ही चालवणाऱ्याची गाडी नव्हतीच. ती मागे बसणाऱ्याची गाडी. साहेब मागे, पुढे ड्रायव्हर घाम गाळतोय. वॅगनआर चालवणाऱ्याची आहे, आणि मागे बसणारे तिच्यात पाहुणे. मला हे अंगणात मापं घेताना सुचलं नाही, आईमुळे सुचलं.

आई ब्याऐंशीची. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन नको म्हणते. दुसऱ्या दिवशी लिंबला एका बारशाला जायचं होतं. मी म्हटलं, आई, माझ्या गाडीत बस, चढायला सोपी आहे. ती बसली, खरंच सोपी गेली. पण परत येताना म्हणाली, “मला आपल्या गाडीतून ने.” कारण गावाकडचा शेवटचा दीड किलोमीटर रस्ता उखणलेला. वॅगनआरची लहान चाकं प्रत्येक खड्डा मोजतात आणि त्याची पावती मागच्या सीटवर पाठवतात. अँबॅसडरची पंधरा इंची चाकं, मागे लोखंडी पाटे, आणि ती जाडजूड गादी. खड्डा येतो, पण पोचेपर्यंत त्याचा हेलकावा झालेला असतो. तेव्हा दादा फोन करून बोलावून घेतला गेला, तो गाडी घेऊन आला, आई मागे मधोमध बसली, दोन्हीकडे हात टाकून. राणीसारखी. मी रिकामी वॅगनआर घेऊन मागून. दादाने आरशात बघून हात केला असणार, मला दिसलं नाही, पण मला माहीत आहे.

जाड पत्र्याबद्दल एक बोलायला हवं. “ठोकली तरी काही होत नाही” असं दादा बॉनेटवर बुक्की मारून सांगतो. गाडीला होत नाही, हे बरोबर. आतल्याला होतं. पत्रा चुरगळत नाही म्हणजे धक्का कुणी गिळत नाही, तो सरळ माणसापर्यंत जातो. स्टिअरिंगचा दांडा छातीकडे तोंड करून, चारही चाकांना ड्रम ब्रेक, एअरबॅग तर सोडाच, मागे पट्टेसुद्धा नाहीत. नव्या गाडीचं नाक चुरगळतं ते चुरगळण्यासाठीच केलेलं असतं. पण म्हणून मीही मिरवणार नाही. २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत वॅगनआरला मोठ्या माणसांसाठी पाचपैकी एकच तारा मिळाला, लहान मुलांसाठी शून्य. हे वाचल्यापासून मी हायवेवर नव्वदच्या वर जात नाही आणि नातवाला घेऊन तर मुळीच नाही. दोन एअरबॅग आणि एबीएस आहेत, त्यांना हात जोडते.

खर्चाचं थोडक्यात. अँबॅसडर लिटरला नऊ देते, उतारावर दहा. माझी अठरा-एकोणीस. अँबॅसडरला वर्षाकाठी काय लागतं ते कुणी लिहून ठेवत नाही, कारण मेस्त्री आमच्याच आळीतले आणि दुरुस्ती म्हणजे चहा, गप्पा आणि शेवटी तीनशे रुपये. टॅपेट, पॉइंट, प्लग, सगळं कानाने. माझ्या गाडीत पिवळा दिवा लागला की तिला मशीन जोडतात, मशीन कोड सांगतं, माणूस कोड वाचून दाखवतो. मेस्त्रींनी एकदा माझं बॉनेट उघडून पाहिलं आणि परत लावलं. “ताई, यात हात जायला जागाच नाही ठेवली.” तीच जी जागा वाचवली म्हणून मी टेप घेऊन नाचत होते, ती.

हल्ली अँबॅसडरचे दोन त्रास आहेत. एक, इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. तिचे जुने रबरी पाइप त्याच्यापुढे टिकत नाहीत, मेस्त्रींनी दोन वर्षांत दोनदा बदलले. दुसरा, कागद. दर पाच वर्षांनी पुन्हा पासिंग. एप्रिल २०२२ मध्ये त्याची फी सहाशेवरून पाच हजार झाली, २०२५ मध्ये आणखी वाढली, वर पर्यावरण कर. पन्नास वर्षांची झाली की व्हिंटेज म्हणून वेगळी नोंद करता येते, पण आमची त्रेचाळीसची. धड तरुण नाही, धड म्हातारी नाही. पासिंगची तारीख जवळ आली की दादा दरवेळी म्हणतो, विकून टाकू. लग्नात नवरदेवाला मिरवायला भाड्याने मागणारे येतात, विकत मागणारेही आलेत. दादा त्यांना गाडी दाखवतो, दार ‘धप्’ लावून दाखवतो, आणि भाव असा सांगतो की माणूस चहा पिऊन जातो.

निघायच्या दिवशी सकाळी त्याने किल्ली माझ्यापुढे धरली. “मापं घेतलीस ना? आता चालव.”

मी नाही म्हणणार होते. आई पायरीवर येऊन उभी राहिली आणि मागचं दार उघडून बसलीसुद्धा.

चोक ओढला. सेल्फ मारला. सीट दादासकट पुढे घेतली आणि पाठीमागे उशी. क्लच पहिल्यांदा पूर्ण दाबला गेलाच नाही, गिअरने दात खाल्ले आणि दादाने डोळे मिटले. मग मी अंग पुढे टाकून दाबला. फाटकातून निघताना स्टिअरिंगला दोन्ही हात, खांदे, आणि मला वाटतं दातसुद्धा लागले. आमचं घर अजिंक्यताऱ्याच्या बाजूला, त्यामुळे जाताना उतार. पोवई नाक्यापर्यंत ती नुसती वाहत गेली. चौकात गर्दी होती, मी हॉर्न वाजवायच्या आधीच माणसं बाजूला झाली. एक म्हातारा चक्क नमस्कार करून गेला. माझा हात आपोआप वर झाला, नानांसारखा. वॅगनआरला आजवर कुणी वाट दिलेली नाही. अर्थात तिला लागतही नाही.

येताना चढ. दुसऱ्या गिअरवर कुरकुरायला लागली. पुढे एक टेंपो आडवा, मला थांबावं लागलं, भर चढावर. मी ब्रेक दाबून धरला, पोटरीत गोळा यायला लागला. दादा म्हणाला, हँडब्रेक ओढ. मी ओढला. आम्ही दोघं गप्प, गाडी किंचित, अगदी बोटभर, मागे सरकली.

मागून आईचा आवाज आला. “दगड आहे ना गं डिकीत?”

“आहे,” दादा म्हणाला.

“मग ही चालवतेय, तर तू उतर.”

आणि साठ वर्षांचा माझा भाऊ मुकाट्याने दार उघडून उतरला.